तिकिटावरची वेळ आणि नकाशावरचं अंतर

सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातल्या मोपाहून विमानं उडू लागली. तेव्हापासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून येणाऱ्या पत्रांत एसटी आणि कोकण रेल्वेच्या जोडीला विमानाचे प्रश्नही असतात. या वेळी अंतर आणि वेळ याबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : चिपी आणि रत्नागिरी या दोन विमानतळांमधलं अंतर शोधत होतो. एका संकेतस्थळावर ६२ आलं, दुसऱ्यावर ७१, तिसऱ्यावर ११५. गाडीने जायचं तर दीडशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे. यातलं खरं कुठलं? आणि हे अंतर स्वतः काढता येतं का?
— एक वाचक, देवगड

तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्ही एकाच अंतराचे आहेत. ६२ हे सागरी मैल, ७१ हे आपले साधे मैल आणि ११५ हे किलोमीटर. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष सागरी मैलांत बोलतात, त्यामुळे विमानाशी संबंधित बऱ्याच संकेतस्थळांवर नुसतं ‘मैल’ लिहिलं तरी अर्थ सागरी मैल असाच असतो. घोळ इथेच होतो. मुंबई-चिपी १८९ सागरी मैल आहे. कोणी तो साधा मैल समजून १.६०९ ने गुणलं तर ३०४ किलोमीटर येतात, प्रत्यक्षात ते ३५० आहेत. म्हणून आकडा कितीचा आहे हे बघण्याआधी तो कशातला आहे ते बघा.

रस्त्याचं अंतर जास्त भरणारच. महामार्गाला खाड्या टाळायच्या असतात, घाट चढायचे-उतरायचे असतात, शिवाय चिपी महामार्गापासून आत समुद्राकडे, कुडाळहून पिंगुळी-पाट-परुळे असं जाऊन येतं.

अंतर स्वतः काढायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांश अपूर्णांकात घ्या. रत्नागिरी १७.०१ उत्तर, ७३.३३ पूर्व. चिपी १६.०० उत्तर, ७३.५३ पूर्व.

अक्षांशांची वजाबाकी १.०१. तिला ६० ने गुणा, ६०.६ आले. हे उत्तर-दक्षिण सागरी मैल, कारण अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. सागरी मैलाची व्याख्याच मुळात त्यावरून आलेली आहे. आता रेखांशांची वजाबाकी ०.२०. तिलाही ६० ने गुणा, १२ आले. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून या १२ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. कोकणासाठी ०.९६ लक्षात ठेवा; वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत दुसऱ्या दशांश स्थळाच्या पलीकडे फारसा फरक पडत नाही. १२ गुणिले ०.९६ म्हणजे ११.५. हे पूर्व-पश्चिम सागरी मैल. पुढे शाळेतला पायथागोरस : दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. ३६७२ अधिक १३२ म्हणजे ३८०४, वर्गमूळ ६१.७. त्याला १.८५२ ने गुणलं की ११४ किलोमीटर. अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत घेतले तर ११५ येतात. पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत ही रीत बिनधास्त वापरा. त्याहून लांब आणि पूर्व-पश्चिम पसरलेल्या मार्गांसाठी पृथ्वीची गोलाई धरणारं सूत्र लागतं.

चुका साधारण तीन ठिकाणी होतात.

पहिली, कला (अंशाचा साठावा भाग) आणि दशांश यांची गल्लत. १६ अंश ५५ कला म्हणजे १६.५५ नव्हे. ५५ ला ६० ने भागायचं, म्हणजे १६.९२ येतात. ही एक चूक तुम्हाला तब्बल ४१ किलोमीटर दक्षिणेला नेऊन ठेवते.

दुसरी, अक्षांश आणि रेखांश उलटे टाकणं. चिपीचे आकडे उलटे टाकले तर ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जातं. ही चूक निदान नकाशावर लगेच दिसते.

तिसरी चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट. संगणकावरच्या तक्त्यात कोसाइनला कोन अंशांत चालत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात द्यावा लागतो. चिपी-रत्नागिरी जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्यामुळे ही चूक केली तरी उत्तरात अर्धा सागरी मैलच फरक पडतो आणि आपली रीत बरोबर आहे असं वाटत राहतं. तीच रीत चिपी-हैदराबादला लावली की ५३९ किलोमीटरच्या जागी ३६० च्या आसपास येतात. तेव्हा तक्ता तयार केलात तर आधी पूर्व-पश्चिम जोडीवर तपासून घ्या.

आणखी एक. ११५ किलोमीटर म्हणजे विमानाने पंधरा मिनिटं असं गणित मांडू नका. इतक्या जवळच्या दोन धावपट्ट्यांमध्ये अशी थेट फेरी कोणी चालवत नाही. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाची आहे. विमान सरळ वेगाला लागायच्या आधीच उतरायची तयारी सुरू करावी लागते. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मुंबई-चिपी ३५० किलोमीटर. एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) ताशी ५०० किलोमीटरने जातं असं वाचलं. मग ४२ मिनिटं व्हायला हवीत. तिकिटावर मात्र एक तास पंचवीस मिनिटं आहेत. बाकीचा वेळ जातो कुठे?
— एक वाचक, कुडाळ

तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. विमान आपल्या जागेवरून हलतं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर जाऊन उभं राहतं तिथपर्यंतची ती वेळ असते. विमान कंपन्या तिला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकाखालचा ठोकळा काढल्यापासून ठोकळा लावेपर्यंत, असा त्याचा अर्थ.

मुंबईत विमान मागे ढकलणं, इंजिनं सुरू होणं, रांगेतून धावपट्टीच्या तोंडाशी पोचणं यातच पंधरा-वीस मिनिटं जातात. गर्दीच्या वेळी त्याहून जास्त.

मग हवेतला भाग. सरळ रेषा १८९ सागरी मैलांची असली तरी विमान ठरलेल्या बिंदूंवरून जातं. मुंबईतून बाहेर पडायचा मार्ग आणि चिपीला धावपट्टीच्या दिशेत येणं धरलं की २१० च्या आसपास भरतात. समजा विमान १७,००० फुटांवर जाणार आहे. भरलेलं एटीआर मिनिटाला सरासरी १,२०० फूट चढतं असं धरलं तर वर जायला १४ मिनिटं लागतात, आणि चढताना त्याचा वेग २०० नॉटच्याही (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) खाली असतो. त्या १४ मिनिटांत जेमतेम ४५ सागरी मैल कापले जातात. उतरण्याचा हिशेब वैमानिक तोंडी करतात : दर हजार फुटांना तीन सागरी मैल. १७,००० फुटांवरून उतरायला ५१ सागरी मैल आधी सुरुवात, म्हणजे विमान देवगडपर्यंत पोचायच्या आधीच खाली यायला लागलेलं असतं. या उतरणीला १३ मिनिटं. मध्ये उरतात ११४ सागरी मैल. पूर्ण वेगाने, २७० नॉट म्हणजे ताशी ५०० किलोमीटरने, विमान फक्त एवढंच अंतर जातं. त्याला २५ मिनिटं. शेवटी वेग कमी करून, चाकं काढून, धावपट्टीला लागण्यासाठी आणखी पाच.

बेरीज ५७ मिनिटं. मुंबईतली पंधरा-वीस आणि चिपीत धावपट्टीवरून इमारतीपाशी यायची चार मिनिटं मिळवा. सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं झाली. राहिलेली पाच-दहा मिनिटं कंपनी हाताशी ठेवते, आणि ती ठेवायलाच हवीत. दिवसभर तेच विमान चार-पाच फेऱ्या करतं. सकाळी दहा मिनिटं हुकली की संध्याकाळची फेरी तासभर मागे जाते.

यावरून छोट्या पल्ल्यासाठी एक सोपा अंदाज बांधता येतो. सागरी मैलांतल्या सरळ अंतरात दहा टक्के मिळवा, एटीआरसाठी २७० ने आणि जेटसाठी ४४० ने भागून, मग ६० ने गुणून मिनिटं काढा, वर अर्धा तास ठेवा. मुंबईसारखा गर्दीचा विमानतळ एका टोकाला असेल तर दहा मिनिटं आणखी. मुंबई-चिपीला या रीतीने २०८ भागिले २७०, म्हणजे ४६ मिनिटं, अधिक ४० : एक तास २६ मिनिटं. तुमच्या तिकिटाला एका मिनिटाच्या फरकाने जुळतं.

जेट असतं तर किती वाचले असते, असंही काहीजण विचारतात. एवढ्या अंतरात सतरा-अठरा मिनिटं. कारण चढणं, उतरणं आणि जमिनीवरचं सरकणं दोघांनाही चुकत नाही.

हा ब्लॉक टाइम पैशांच्या बाबतीतही कामाचा आहे. फेरी कंपनीच्या दोषाने रद्द झाली आणि प्रवाशाला नियमाप्रमाणे आधी कळवलं नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत भरपाई ब्लॉक टाइमवरून ठरते : एक तासापर्यंत कमाल ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी कमाल ७,५००, दोन तासांच्या वर कमाल १०,०००. मूळ भाडं आणि इंधन आकार यांची बेरीज त्याहून कमी असेल तर तेवढीच. मुंबई-चिपी म्हणजे मधला गट. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर ही भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरी फेरी यावर हक्क राहतो.

प्रश्न : चिपी-हैदराबाद जाताना मोबाइलवर विमानाचा वेग ५५० दिसत होता, येताना ४७०. विमान तेच. येताना मुद्दाम हळू चालवतात का?
— एक वाचक, कणकवली

नाही. मोबाइलवर जमिनीच्या मानाने असलेला वेग दिसतो. विमान हवेच्या मानाने दोन्ही वेळा ताशी ५१० नेच जात होतं, हवा मात्र ताशी ४० ने पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होती. जाताना ते ४० मिळाले, येताना गेले. ५४० किलोमीटरला पूर्ण वेग धरला तर ५९ मिनिटं आणि ६९ मिनिटं, दहा मिनिटांचा फरक. पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वारा जमिनीपासून पाच-एक किलोमीटर उंचीपर्यंत पश्चिमेकडूनच वाहतो, त्यामुळे कोकणातून देशावर जाणं तेव्हा लवकर होतं. त्याच्या बऱ्याच वर, मोठी जेट विमानं जातात त्या थरात, पावसाळ्यात वारा उलटा म्हणजे पूर्वेकडून असतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचा जोर असतो.

प्रश्न : गणपतीला मुलगी पुण्याहून विमानाने येणार होती. ‘गोवा’ बघून तिकीट काढलं आणि विमान दाभोळीला उतरणार असं नंतर लक्षात आलं. आम्ही सावंतवाडीचे. काही उपाय?
— एक वाचक, सावंतवाडी

तिकीट काढताना शहराचं नाव वाचू नका, तीन अक्षरी संकेत वाचा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाभोळी, एसडीडब्ल्यू म्हणजे चिपी. ‘गोवा’ असं टाकलं की बऱ्याच ठिकाणी पहिले दोन एकत्र येतात आणि स्वस्त तिकीट वर दिसतं.

मोपा आणि दाभोळी सरळ रेषेत ४० किलोमीटरवर आहेत, पण मध्ये मांडवी आणि झुआरी अशा दोन मोठ्या नद्या, पणजीची रहदारी आणि वास्कोकडचा रस्ता. सणासुदीला दीड-दोन तास धरून चाला. मोपा पेडणे तालुक्यात, बांद्याच्या पलीकडे. सावंतवाडीला त्याहून सोयीचा विमानतळ नाही. चिपी आणि मोपा एकमेकांपासून सरळ ४५ किलोमीटर आहेत, तेव्हा वेंगुर्ल्यापासून कुडाळपर्यंतच्या लोकांनी दोन्हींचे दर आणि वेळा बघाव्यात. मालवण, परुळे, म्हापण, निवती भागाला चिपी.

तुमच्या मुलीच्या तिकिटाचं म्हणाल, तर बदलाचं शुल्क आणि दाभोळीहून सावंतवाडीपर्यंतच्या गाडीचं भाडं एकमेकांसमोर मांडून बघा. स्वस्त तिकिटांवर बदलाचं शुल्क अनेकदा गाडीभाड्याच्या वर जातं. मग तिकीट तसंच ठेवून गाडीच आधी ठरवावी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती मिळत नाही.

प्रश्न : मुलाची बदली लेहला झाली आहे. आम्ही दोघं मालवणहून त्याच्याकडे जाऊ इच्छितो. चिपी ते लेह किती अंतर आहे, किती तास लागतील आणि एका दिवसात पोचू का? आमची वयं साठीच्या पुढे आहेत.
— एक वाचिका, मालवण

सरळ रेषेत २,०५५ किलोमीटर. देशाच्या नकाशावर ही दोन्ही ठिकाणं जवळजवळ एकाखाली एक आहेत, रेखांशात फक्त चार अंशांचा फरक. थेट विमान नाही. चिपी-मुंबई ३५०, मुंबई-दिल्ली १,१४०, दिल्ली-लेह ६२० अशी बेरीज केली तर २,११० किलोमीटर होतात. दोन ठिकाणी विमान बदलूनही वाट फक्त ५५ किलोमीटरने वाढते.

वेळेचं पाहिलं तर विमानात बसण्याचे तास पाचच्या आसपास भरतात : सव्वा-दीड तास, मग सव्वादोन, मग दीड. तरीही एका दिवसात पोचायचा विचार सोडून द्या. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर, चहूकडून डोंगरांत आहे. दुपारी तिथे वारा वाढतो आणि हवा तापून आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते. म्हणून तिथली बहुतेक विमानं सकाळीच ये-जा करतात. मालवणहून कितीही पहाटे निघालात तरी त्या सकाळी दिल्लीत असणं शक्य नाही. आदली रात्र दिल्लीत काढावीच लागेल.

आमचा सल्ला असा. चिपीऐवजी मोपा धरा. मालवणहून गाडीने दोन-सव्वादोन तास, पण मोपाहून दिल्लीला थेट विमानं आहेत. अंतर १,४६५ किलोमीटर, तिकिटावर अडीच तासांच्या आसपास. एक विमान बदलणं वाचतं, मुंबईत सामान घेऊन एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाणं वाचतं. दुपारचं विमान घ्या, रात्री दिल्ली विमानतळाजवळ मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेह. त्या आधी दिल्लीत तुमचं विमान कुठल्या टर्मिनलवर उतरतं आणि लेहचं कुठून सुटतं ते दोन्ही तिकिटांवर पाहून ठेवा. मुक्कामाची जागा दुसऱ्या टर्मिनलच्या जवळची हवी.

दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा झाल्यास पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढली तर दुसरी कंपनी तुमची वाट बघणार नाही आणि पैसेही देणार नाही. मध्ये रात्र असल्यामुळे तुमच्या बाबतीत हा धोका कमी आहे, पण परतीच्या दिवशी दिल्लीत निदान चार तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं, लेहहून निघणाऱ्या विमानालाही तिथल्या हवेमुळे थांबावं लागतं. त्या दिवसांत परतीलाही दिल्लीत रात्र ठेवलेली बरी.

आणि प्रवासापेक्षा जास्त जपायचं ते उतरल्यावर. मालवणचा किनारा समुद्रसपाटीवर, लेह सव्वातीन हजार मीटरवर, आणि दिल्लीहून तुम्ही दीड तासात तिथे पोचता. शरीराला सवय व्हायला दोन दिवस पूर्ण विश्रांती लागते. चढ चढायचा नाही, फिरायला जायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या दिवशी थोडं होऊ शकतं. ते वाढलं, बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. रक्तदाब, हृदय किंवा दमा यांचं काही असेल तर तिकीट काढायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, नंतर नको.

प्रश्न : जुलैत आमचं विमान चिपीवर दोन घिरट्या घालून परत गेलं. खाली माणसं सांगत होती की पाऊसही फार नव्हता. अर्धा-पाऊण तास वर थांबले असते तर उतरता आलं नसतं का?
— एक वाचक, वेंगुर्ला

पाऊस किती आहे यापेक्षा ढग किती खाली आहे आणि धावपट्टी किती लांबून दिसते यावर सगळं ठरतं. चिपीची अडीच हजार मीटरची धावपट्टी सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर आहे. खालच्या गावातून बघणाऱ्याला ढग वर दिसतो, पण सडा तेवढाच उंच असल्यामुळे तोच ढग धावपट्टीला जवळजवळ टेकलेला असतो. समुद्रावरून येणारी ओली हवा सड्याच्या चढावर उचलली जाऊन तिथेच गार होते, म्हणून भुरभुर पावसातही सडा धुक्यात आणि पायथा मोकळा असं चित्र पावसाळ्यात नेहमी दिसतं. प्रत्येक विमानतळाला एक किमान उंची ठरलेली असते. तिथपर्यंत उतरून धावपट्टी दिसली नाही तर वैमानिकाला पुन्हा वर जावंच लागतं.

थांबण्याला मर्यादा इंधनाची. विमानात इच्छित ठिकाणापर्यंतचं, त्यावर थोडं वरकड, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि त्याहीनंतर ३० मिनिटं हवेत राहता येईल एवढं इंधन असतं. ही शेवटची ३० मिनिटं हात न लावण्याची. घिरट्या घालायला मिळतं ते कंपनीने जास्तीचं भरलं असेल तेवढंच. मोपा ४५ किलोमीटरवर असलं तरी तिथेही तोच ढग असण्याची शक्यता असते, म्हणून पर्याय बहुधा लांबचा ठरवलेला असतो आणि त्याचं इंधन राखून ठेवायचं म्हणजे वर थांबायचा वेळ आणखी कमी. दोन प्रयत्नांनंतर परत फिरणं हा तिथे बरोबर निर्णय होता.

पावसाळ्यात चिपीचं तिकीट काढायचं तर त्याच दिवशी लग्न, मुलाखत किंवा पुढचं विमान गाठायचं असं ठेवू नका. फेरी रद्द झाली तर त्याच रात्रीच्या कोकण रेल्वेची जागा आधीपासून बघून ठेवा, आणि रेल्वेही त्या महिन्यांत पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते हे धरून निघा. विमानतळावर दोन तासांहून जास्त खोळंबा झाला तर एवढ्या छोट्या फेरीलाही कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं; ते काउंटरवर जाऊन मागा. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरी फेरी किंवा पूर्ण परतावा, यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं.